'शनवार तेली' म्हणजे नक्की कोण? आणि शुक्रवारी जेवायला बोलावलंय, काय नेऊ?

रेवदंड्याचा नातू

मंडळी, दोन प्रश्न आहेत. दुसरा आधी विचारतो कारण तो अर्जंट आहे.

ऑफिसात माझे एक सीनिअर आहेत, बेने इस्रायली ज्यू, ठाण्यातच राहतात. आडनाव आपल्यासारखंच गावाला कर लावलेलं, त्यामुळे पहिले सहा महिने मला पत्ताच नव्हता. मी त्यांना गणपतीला घरी बोलावलं, ते आले पण, आरतीच्या वेळी गॅलरीत जाऊन उभे राहिले, प्रसाद नको म्हणाले, चहा घेतला आणि गेले. मला वाटलं डायबिटीस असेल. नंतर कँटीनमधे दुसऱ्या कोणीतरी सांगितलं की बाबा ते ज्यू आहेत, मग माझी ट्यूब पेटली की शुक्रवारी चार वाजता ते बॅग उचलून का पळतात.

तर आता त्यांनी मला येत्या शुक्रवारी घरी जेवायला बोलावलंय. म्हणाले "शब्बाथ आहे, ये, पण साडेपाचच्या आत ये हं" (शब्बाथ म्हणजे त्यांचा शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस). साडेपाचला कोण जेवतं? मी म्हटलं सर थोडा उशीर झाला तर चालेल ना, तर हसून म्हणाले "मला चालेल रे, सूर्याला विचार". काय न्यायचं, काय नाही न्यायचं, काही वेडंवाकडं करून ठेवू नये एवढीच इच्छा आहे. मिठाई नेणार होतो, बायको म्हणाली आधी विचार कोणालातरी.

आता पहिला प्रश्न. आमची आजी रेवदंड्याची. ती लहानपणीच्या गोष्टी सांगताना कायम म्हणायची, "तेल शनवार तेल्यांकडनं यायचं, शनवारी मात्र मागायला जायचं नाही, मिळायचं नाही." मला वाटायचं शनिवारी तेल देत नाहीत म्हणजे शनीची साडेसाती वगैरे काहीतरी असणार, मारुतीला वाहतात ना तेल. परवा डोक्यात प्रकाश पडला की हे तेच लोक असणार. पण हा शब्द त्यांच्यासमोर बोलावा का? शिवी आहे का ती? आजी तर प्रेमाने म्हणायची, पण आजी सगळ्यांनाच जातीवरून हाक मारायची, त्यामुळे तिच्यावर जाऊन चालत नाही.


घाणेकर

आजी बरोबर बोलायची. शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायलच. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, अलिबाग, चौल, रेवदंडा, नवगाव, पेण, रोहा या पट्ट्यात ही मंडळी शेकडो वर्षं गावागावात विखरून राहिली आणि बहुतेकांचा धंदा घाण्याचा. शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. जे तेली सोमवारी बंद ठेवायचे, शंकराचा वार म्हणून, ते सोमवार तेली. म्हणजे गावाने यांना एक खण करून दिला आणि विषय संपवला, बाकी धर्म काय, कुठून आले, कोणी विचारलं नाही.

त्यांची स्वतःची कथा अशी की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगावला ती दफनभूमी दाखवतात, स्मारक आहे, एकदा जाऊन ये. गलबत कधी फुटलं यावर लोक भांडतात, परंपरेने इसवी सनाच्या आधीचं सांगतात आणि त्याला एक मजेशीर पुरावा देतात, की यांना हनुक्का हा सण माहीतच नव्हता. हनुक्का ज्या घटनेवरून सुरू झाला ती घडायच्या आधीच हे निघाले असणार, असा तो हिशोब. पुरावा म्हणून कच्चा आहे असं माझं मत, दीड-दोन हजार वर्षांत माणूस एखादा सण विसरू पण शकतो. पण गोष्ट म्हणून छान.

आता आडनावं बघ. किहीम, झिराड, पेझारी, अष्टमी, नागाव, रोहा, पेण, चौल. सगळी कर लावून. अलिबागला इस्रायल आळी अजून आहे, त्यात मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), १८४८ चं, आत्ताची इमारत १९१० ची. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची, ज्यू लोक स्वतः पण. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवीत समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कमांडंट होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच 'मशिदी'वरून पडलं असं सांगतात.

शब्द बोलावा का ते मात्र त्यांच्यातल्याच कोणीतरी सांगावं. मी फक्त नावाचा घाणेकर, आमच्यात घाणा कधी नव्हता.


खाडीकाठची

मी त्यांच्यातलीच, ठाण्याचीच, सांगते.

शनवार तेली शिवी नाही. पण माझ्या आजोबांना आवडायचं नाही. त्यांचं म्हणणं "आम्ही तेली होतो हे खरं आहे पण आम्ही तेली होतो एवढंच खरं नाहीये". त्या काळी तेली म्हटलं की गावात तुमची पायरी ठरलेली, सकाळी तेली दिसला तर अपशकुन वगैरे, मग शिकून मुंबईला कारकून झाल्यावर कोणाला आठवण नको वाटायची. माझ्या पिढीला उलट अभिमान आहे, कारण नीट बघितलं तर त्या नावातला 'तेली' कोणीही होऊ शकतो, 'शनिवार' आपला आहे. पुस्तक नाही, हिब्रू नाही, धर्म शिकवणारा कोणी नाही, आजूबाजूला सगळा गाव शनिवारी कामावर, आणि हे येडे दर आठवड्याला घाणा बंद करून बसलेत. किती नुकसान होत असेल विचार करा. तरी तुम्ही पहिल्याच भेटीत तो शब्द टाकू नका, आजीची गोष्ट म्हणून सांगा, त्यांना आवडेल.

आता शुक्रवारचं. काय नेऊ नका ते आधी.
वाईन नेऊ नका, ती कोशर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमाने केलेली, लागते आणि तुम्हाला ती कळणार नाही. दुधाची मिठाई नेऊ नका, कारण जेवणात मटण किंवा चिकन असणार आणि मांसाबरोबर किंवा लगेच नंतर दुधाचं काही चालत नाही, तुमचे पेढे बिचारे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणाकडे बघत बसतील. म्हणूनच तर आमच्या सगळ्या रस्स्यात नारळाचं दूध, दही कधीच नाही. घरचा केक पण नको, भांडं कुठलं वगैरे प्रश्न येतो आणि त्यांना नाही म्हणायला अवघड जातं. फळं न्या. अख्खी, न कापलेली. संत्री, पेरू, काहीही. शंभर टक्के सेफ.

बेल वाजवू नका, दार ठोका, किंवा दार उघडंच असेल. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला तिरकी लावलेली छोटी डबी दिसेल ती मेझुझा, तिला ते हात लावून हात ओठाला लावतील, तुम्ही नाही लावलात तर काही बिघडत नाही. मोबाईल सायलेंटवर, फोटो नको. डोक्यावर काहीतरी घ्यायला देतील, घ्या.

साडेपाचचं म्हणाल तर दिवा सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचा असतो, जेरुसलेममधे चाळीस मिनिटं आधी. आत्ता डिसेंबरात ठाण्याला सूर्य सहाच्या सुमारास जातो, म्हणजे पावणेसहाच्या आतच दिवा लागायला हवा. त्यानंतर आग पेटवणं नाही, गाडी नाही, पैशाला हात नाही, शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत. जेवण लगेच साडेपाचला नाही हो मिळणार, घाबरू नका, आधी प्रार्थना आहे. पण दिवा लागताना तुम्ही तिथे असावं असं त्यांना वाटत असणार, तो खरा कार्यक्रम आहे.

दिवा मेणबत्तीचाच असतो असं नाही. आमच्याकडे अजून टांगलेला काचेचा आहे, ग्लासात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. आई दिवा लावून डोळ्यावर हात घेते आणि बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणते, आणि हात काढल्यावर पहिलं वाक्य कायम एकच, "गॅस बंद केला का रे कोणी?"


चिकित्सक चिमटा

माहितीपूर्ण. पण एक शंका, रागावू नका. हे सगळं 'विश्रांती' म्हणून आहे ना? मग बटण दाबून लाईट लावायला काय श्रम पडतात? उलट चार मजले जिने चढणं हे काम झालं. लिफ्ट नाही वापरायची म्हणून घाम गाळत वर जायचं याला विश्रांती म्हणायचं हे मला काही झेपत नाही. आपल्याकडे पण एकादशीला उपास म्हणून दुप्पट खाशी चालते, त्यातलाच प्रकार वाटतो.


खाडीकाठची

रागावत नाही, माझा भाचा हेच विचारतो, तो आठवीत आहे.

श्रम हा मुद्दाच नाहीये. देवाने सहा दिवस काय केलं, तर बनवलं, घडवलं, आणि सातव्या दिवशी बनवणं थांबवलं. थकला म्हणून नाही, झालं म्हणून. तर त्या दिवशी माणसाने पण बनवणं थांबवायचं. कोणती कामं ते एकोणचाळीस प्रकारात मोजून ठेवलंय, नांगरणं, पेरणं, कापणी, दळणं, मळणं, भाजणं, विणणं, लिहिणं, आग पेटवणं, विझवणं असं. घरातल्या घरात जड टेबल इकडचं तिकडे सरकवलंत, कंबर मोडली तरी नियम मोडत नाही, पण दोन अक्षरं लिहिलीत तर मोडतो. कारण लिहिल्यावर जगात काहीतरी नवीन राहतं. वीज म्हणजे आग का, यावर मागच्या शतकात धर्मपंडितांनी भरपूर वाद घातलाय, पण निष्कर्ष एकच, हात लावू नका.

आणि गंमत बघा, पिळून रस काढणं, तेल काढणं हे पण मना आहे, ते मळणीच्या प्रकारात येतं. म्हणजे आमचे पूर्वज नेमकं तेच करत होते जे शनिवारी करता येत नाही. म्हणून शुक्रवारी किद्दुशला, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, जे लागतं ते मनुकांचं शरबत आम्ही दुपारीच करून ठेवतो. काळ्या मनुका सकाळी भिजत घालायच्या, दुपारी हाताने कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. कोकणात कुठली द्राक्षाची वाईन, तर हे. मला तर आता खरी वाईन दिली तरी ती 'शब्बाथची' वाटत नाही.

सगळे सगळं पाळतात असं पण नाही हां, उगाच चित्र रंगवत नाही मी. आमच्याच घरात आई लाईटला हात लावत नाही, मी लावते, भाऊ शनिवारी गाडी चालवतो पण मांस-दूध एकत्र करत नाही. पप्पांची सरकारी नोकरी होती, शनिवारी अर्धा दिवस असायचा. त्यांनी एका ख्रिश्चन सहकाऱ्याबरोबर अदलाबदल ठरवली होती, पप्पा रविवारची ड्युटी घ्यायचे आणि ते गृहस्थ शनिवारची. एकवीस वर्षं चाललं. साहेब बदलला की पप्पा आठवडाभर टेन्शनमधे, नवीन साहेबाला परत सगळं पहिल्यापासून समजवायचं, ज्यू म्हणजे काय, पारशी नाही, ख्रिश्चन नाही, हो मराठीच.


चिकित्सक चिमटा

'थकला म्हणून नाही, झालं म्हणून' हे आवडलं. जिन्याबद्दलचं मत राखून ठेवतो.


नेगेवची धूळ

दिमोनाहून लिहितेय, इस्रायलच्या दक्षिणेला, वाळवंटात. आमचं कुटुंब पेणचं. इथे आपली माणसं इतकी आहेत की भाजीवाल्याकडे मराठीत घासाघीस करता येते, दुकानात पोहे आणि कोकम मिळतं.

धागा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. इथे शब्बाथ पाळायला काही करावंच लागत नाही. शुक्रवारी दुपारी दुकानं पटापट बंद, बस बंद (हायफासारखं एखादं शहर सोडून), रस्त्यावर पोरं सायकल चालवतात, ऑफिसला सुट्टी तर आहेच. आठवडा रविवारी सुरू होतो. मी ठाण्यात होते तेव्हा शनिवारी घरी बसणं म्हणजे रोज कोणाला ना कोणाला उत्तर देणं, शाळेत बाई विचारायच्या शनिवारी का येत नाहीस, शनिवारी सकाळची शाळा असायची ना आपली. इथे कोणी विचारतच नाही. सुरुवातीला इतकं हलकं वाटलं! आता मुलं मोठी झालीत, ती शनिवारी समुद्रावर जातात, गाडी काढून, दोन तास. मी काही बोलले की म्हणतात "आई, आपण इस्रायलमधेच तर आहोत, अजून किती ज्यू व्हायचं?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

शुक्रवारी मात्र सगळे जेवायला घरी. नारळाच्या दुधातलं चिकन, भात, आणि हाल्ला, म्हणजे शब्बाथचा ब्रेड. माझी सासू त्या ब्रेडच्या शेजारी दोन पोळ्या पण ठेवते, म्हणते आशीर्वाद ब्रेडवर म्हणा नाहीतर पोळीवर, रस्सा पोळीनेच खायचा आहे. शेजारी मोरोक्कन कुटुंब आहे, त्यांना आमच्या खिडकीतून हळद आणि खोबऱ्याचा वास जातो आणि त्यांच्याकडून आम्हाला जिऱ्याचा येतो, असा तो शब्बाथ.

नातवा, फळं ने आणि भूक ठेवून जा.


घाणेकर

वरती 'धर्म शिकवणारा कोणी नाही' असं आलंय त्यावर थोडं. फार लांबण लावत नाही.

कोकणात हे लोक एकटे पडले होते तेव्हा त्यांच्याकडे नेमकं काय शिल्लक होतं, तर शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे नियम, काही सण आणि शमा ही प्रार्थना, 'ऐक हे इस्राएला' ने सुरू होणारी. लग्न असो, मयत असो, सगळीकडे शमाच म्हणायचे कारण दुसरं काही पाठ नव्हतं. मग दाविद राहाबी नावाचा एक ज्यू आला. तो नक्की कोणत्या शतकात आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काही फार मागे नेतात, काही अठराव्या शतकात कोचीनच्या राहाबी घराण्यातला माणूस धरतात. त्याने परीक्षा घेतली ती अशी, बायकांसमोर मासळीची पाटी ठेवली आणि म्हणाला यातले रांधायचे वेगळे काढा. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे एकीकडे केले आणि बाकीचे बाजूला सारले. झालं, त्याची खात्री पटली. कोळणीच्या पाटीवर धर्म सिद्ध झालेला दुसरा समाज मला माहीत नाही. मग त्याने तीन घरच्या मुलांना शिकवून तयार केलं, झिराडकर, शापूरकर, राजपूरकर, ते यांचे काजी.

पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू हजान (सिनेगॉगमधे प्रार्थना म्हणणारे) म्हणून आणि शिक्षक म्हणून येऊन राहिले, आणि आणखी एक उलटा प्रकार झाला. मुंबईत डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी. त्यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, बायबलचा जुना करार मराठीत आला, बेने इस्रायल मुलं मिशनच्या शाळेत शिकली. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. पण झालं काय, की स्वतःचा ग्रंथ स्वतःच्या भाषेत हातात पडल्यावर हे लोक ख्रिश्चन होण्याऐवजी अजून पक्के ज्यू झाले. १८४६ ला मुंबईत वल्हांडणाची (पेसाह सणाची) हाग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू-मराठीत शिळाछापावर निघाली, १८७४ ला पुण्यात दुसरी. नंतर तर मराठी कीर्तनं, अब्राहामाचं आख्यान, योसेफाचं आख्यान, झांजा वाजवून.

सणांची नावं पण बघण्यासारखी. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस, दारं लावून घरात बसायचं, पांढरे कपडे, उपास, कोणाशी संपर्क नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म आणि भेटीगाठी. ही नावं कोणी पुस्तकातून घेतलेली नाहीत.

आणि हे सगळं करून इस्रायलला गेले तर १९६२ च्या सुमाराला तिथल्या मुख्य धर्मपीठाने यांच्या लग्नांच्या बाबतीत वंशावळ तपासायचा फतवा काढला. म्हणजे तुम्ही पुरते ज्यू आहात का ते बघू. मोर्चे निघाले, धरणी धरली, शेवटी १९६४ ला इस्रायल सरकारने आणि संसदेने ठणकावून सांगितलं की हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत. इकडे महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ ला. दोन्हीकडे कागद मिळायला वेळच लागला.


खाडीकाठची

घाणेकर, लांबण लावलीच तुम्ही :) पण छान लिहिलंत.

एक खाण्याचं राहिलं. खवले-पर वरून आठवलं, नातूसाहेब, तुम्ही कोकणातले म्हणून प्रेमाने कोळंबीचं लोणचं वगैरे न्याल, नका. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या काही नाही. पापलेट, रावस, बांगडा चालतो. मालवणी शेजारणीने एकदा आईला डबाभर तिसऱ्यांचं सुकं दिलं होतं, आईने तिचा डबा धुवून त्यात साखर भरून परत केला आणि सुकं वॉचमनला. शेजारीण आजही सांगते की ठाण्याच्या ताईंना माझं सुकं फार आवडलं.


रेवदंड्याचा नातू

मंडळी, जाऊन आलो! सविस्तर लिहितो कारण तुमच्यामुळे वाचलो, आणि एक घोळ घातला तो पण सांगतो.

संत्री नेली. बेल वाजवायला बोट पुढे गेलं होतं, आठवलं, मागे घेतलं आणि दार ठोकलं. सरांनी दार उघडलं, हातातली पिशवी बघितली आणि "कोणाला विचारलंस?" म्हणून हसायला लागले. घरात सर, त्यांची बायको, सव्वीस वर्षांचा मुलगा आणि सरांची आई, त्यांना सगळे आजीच म्हणत होते तर मी पण आजीच म्हटलं. पावणेसहाला दिवा लागला. वहिनींनी डोळ्यावर हात घेतले, मला वाटलं आता गॅसचं विचारतील, पण नाही, त्यांनी विचारलं "गीझर?" सर म्हणाले "बंद".

मग सर आणि मुलगा टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमधे जाऊन आले, मी आजींबरोबर बसलो. १८७९ चं आहे म्हणे ते, मी त्याच्यासमोरून कॉलेजला असताना रोज गेलोय आणि एकदा पण वर बघितलं नाही. आल्यावर सरांनी मुलाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद पुटपुटला. मुलगा सरांपेक्षा वीतभर उंच, आयटीत आहे, दाढी वगैरे, त्याने सवयीने गुडघे थोडे वाकवले म्हणजे बापाचा हात पोचेल. कोणाचंच त्याकडे लक्ष नव्हतं, त्यांच्या घरात दर शुक्रवारी होत असणार ते. मग मनुकांचं शरबत सगळ्यांनी एकाच पेल्यातून थोडं थोडं, मला वेगळा पेला, मग पोळीचा तुकडा मिठात टेकवून. जेवण काय सांगू, नारळाच्या दुधातलं मटण, मी तीनदा भात घेतला.

आता घोळ. जेवणाआधी हात धुवायला आत गेलो आणि बाहेर येताना आईने तीस वर्षं लावलेल्या सवयीने बाथरूमचा लाईट बंद केला. खटकन आवाज झाला आणि माझं काळीज खाली गेलं. पॅसेजचा उजेड पण त्याच दिव्याचा होता. बाहेर कोणीच काही बोललं नाही. मला वाटलं आता परत लावावा तर ते अजून चुकीचं होईल का, की माझ्यासारख्याने लावला तर चालतो, कोणाला विचारू? तसाच येऊन बसलो. पाच मिनिटांनी आजी उठल्या, पॅसेजपर्यंत गेल्या, थांबल्या, आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आज काय अंधार आहे गं बाई इकडे." कोणी हललं नाही. परत, जरा मोठ्याने, "म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही अशा अंधारात." सर ताटाकडे बघतायत, मुलगा खांदे हलवून गप हसतोय. मग मला उमगलं. उठलो, लाईट लावला. आजी आत जाता जाता मला म्हणाल्या, "मी काही सांगितलं नव्हतं हां तुला."

जेवणानंतर मी आजीची गोष्ट सांगितली, तेलाची, शनवारी मागायला जायचं नाही ती. भीतभीतच. सरांच्या आईंनी विचारलं, रेवदंड्याला कुठे? मी पाखाडी सांगितली. त्या म्हणाल्या, "मग आमचंच तेल खाल्लंय तिने." माहेर तिकडचंच निघालं त्यांचं. घाणा बघितलाय का विचारलं तर म्हणाल्या फिरताना नाही बघितला, त्यांच्या वडिलांच्या वेळीच बंद झाला होता, पण वडील सांगायचे की शनिवारी बैल पण सोडलेला असायचा, बैलाला भाड्याने पण द्यायचा नाही कोणाला, कारण आज्ञेत लिहिलंय तुझा बैल आणि तुझा गाढव यांनाही विसावा. शेजारचे शेतकरी चिडायचे की पोळा आम्ही वर्षातून एकदा करतो, तुमच्या बैलाचा दर आठवड्याला.

घर १९६० च्या पुढेमागे विकलं, भाऊ सगळे इस्रायलला गेले. आजी मधे एकदा बघून आल्या. घाण्याची दगडी उखळ अजून अंगणातच आहे. ज्यांनी घर घेतलं त्यांनी त्यात माती भरून तुळस लावलीय. मी म्हटलं वाईट वाटलं का, तर म्हणाल्या, "त्यात काय, पाणी तर घालतात रोज. आणि उखळीला भोक असतं खाली, निचरा चांगला होतो."

निघताना साडेनऊ झाले होते. सरांचा मुलगा मला खालपर्यंत सोडायला आला, जिन्याने, पाच मजले (चिमटासाहेब, घाम आला, पण गप्पा झाल्या). त्याला विचारलं उद्या सुट्टी काय करतोस, तर म्हणाला सकाळी सिनेगॉगला जावंच लागतं, दहा पुरुष जमले नाहीत तर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) बाहेर काढून वाचता येत नाही. गुरुवारपासूनच फोनाफोनी सुरू असते, कोण गावाला गेलंय, कोणाला ताप आहे. त्या दिवशी नऊ होते. दहावा म्हणून कल्याणहून एक काका शुक्रवारीच येऊन मित्राकडे राहिले होते, कारण शनिवारी ट्रेनने येता येत नाही.


घाणेकर

उखळीतली तुळस. मी फोटो काढायला जाणार आहे, पाखाडी कुठली ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.


नेगेवची धूळ

निचऱ्याचं वाक्य सासूला वाचून दाखवलं. म्हणाली ही बाई नक्की चौलकडची.


रेवदंड्याचा नातू

घाणेकर, व्यनि केलाय. आता शेवटचा प्रश्न, मग धागा बंद करू. त्यांना सगळ्यांना आमच्या घरी परत बोलवायचंय, आजींना पण. बायको विचारतेय काय रांधू, मी म्हटलं थांब, ताईंना विचारतो.


खाडीकाठची

रांधू नका फार. चहा द्या, तो घेतीलच, आणि फळं, आणि टरफलासकट शेंगदाणे किंवा अक्रोड, ते सोलत गप्पा होतात. कप काचेचे असतील तर उत्तम. अगदीच वहिनींचा जीव राहत नसेल तर शहाळी आणा, तिथल्या तिथे फोडून. शुक्रवारी किंवा शनिवारी दिवसा बोलवू नका. शनिवारीच सोयीचं असेल तर रात्री बोलवा, हव्दाला (शब्बाथ संपतानाची प्रार्थना) झाल्यावर, साडेसातच्या पुढे म्हणजे त्यांना रिक्षाने येता येईल. आणि पॅसेजचा लाईट चालू ठेवा.